हिलालभाऊंची हिरवी काच

नंदुरबार स्टेशनच्या रस्त्याला हिलालभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लष्करात सिग्नलच्या कामावर काही वर्षं काढून ते परतले आणि येताना मुंबईहून लष्करी मोडीतली एक जड लोखंडी पेटी घेऊन आले. पेटीला बशीएवढी गोल काच होती. यंत्र तापलं की तिच्यावर हिरवी रेघ उमटे.

अशा काचेचं नेहमीचं यंत्र, ऑसिलोस्कोप, विजेची लाट काळाप्रमाणे कशी हलते ते दाखवतं. ही पेटी वेगळी होती. हिच्या काचेवर डावीकडून उजवीकडे फ्रीक्वेन्सी मांडलेली असे. हवेत जेवढी रेडिओ केंद्रं, तेवढे उभे काटे. जोरकस केंद्राचा काटा उंच, क्षीण केंद्राचा ठेंगणा. बटणांवरची अक्षरं झिजलेली, म्हणून हिलालभाऊंनी चिठ्ठ्या डकवल्या होत्या: 'मध्य', 'रुंदी', 'जोर'. मध्य फिरवलं की पाहायची जागा सरके. रुंदी कमी केली की थोडाच भाग मोठा होऊन दिसे. जोर वाढवला की बारीक काटेही वर येत.

"मास्तर, आख्खं शिवार देखनं का एक वाफा देखना, हाई पहिले ठरावनं पडस," असं ते मला समजावत.

मी तेव्हा नंदुरबारजवळच्या कोरीट गावच्या शाळेत शिक्षक होतो. ग्रामपंचायतीचा रेडिओ शाळेच्या ओट्यावर असे आणि संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम ऐकायला माणसं जमत. गावात वीज आल्यानंतरच्या वर्षी त्या कार्यक्रमात शिट्टी येऊ लागली. कापसाचा भाव सांगायला लागले की नेमकी शिट्टी. शाळेला लागूनच धनुबाईंची विजेवरची पिठाची चक्की होती. नवरा गेल्यावर तिच्यावरच त्यांचं घर चाले. सगळ्यांचं बोट चक्कीकडे गेलं आणि सरपंच जालमसिंगबापूंनी हिलालभाऊंना बोलावलं.

पेटी बैलगाडीतून आली. ओट्यावर ही गर्दी, शेजारी चक्की चालू. हिलालभाऊंनी रुंदी पूर्ण उघडली, आणि मागच्यांनाही दिसावं म्हणून जोर वाढवला. काचेच्या तळापासून दाट हिरवं गवत उठलं, केंद्रांचे काटे त्यात बुडाले. मोटरच्या ठिणगीचा त्रास असाच दिसतो. एका जागी बसत नाही, सगळीकडे पसरतो.

"चक्कीच शे," हिलालभाऊ म्हणाले.

धनुबाई दारातूनच ओरडल्या, "मन्ही चक्कीले तोंड नही, म्हनीसन तिन्हंच नाव ल्या!"

दिवेलागणीपासून कार्यक्रम संपेपर्यंत चक्की बंद, असं ठरलं. शेतातून परतलेल्या बाया दळण आणतात ती हीच वेळ. संध्याकाळ गेली की गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या चक्कीकडे वळणार आणि धनुबाईंना ती विकावी लागणार, हे ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

हिलालभाऊ त्या दिवशी गावातच बहिणीकडे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी चक्की बंद होती. रेडिओ लावला, तर शिट्टी होतीच.

"आते कमी व्हयना बरं आवाज," एकजण म्हणाला.

"निम्मा बी नही ऱ्हायना," जालमसिंगबापूंनी मान डोलावली. माझ्या कानांना काही फरक जाणवत नव्हता.

हिलालभाऊ बटणं कालच्यासारखीच ठेवून काचेकडे पाहत होते. चक्की गप्प होती आणि गवत कालच्याइतकंच उंच होतं. त्यांनी हळूच जोर उतरवला. गवत जमिनीला मिळालं. जोर फार चढवला की पेटीला स्वतःचीच खरखर दिसू लागते. काल सगळ्या गावानं तीच पाहिली होती.

आता काटे सुटे उभे राहिले. शेतीचा कार्यक्रम मुंबई केंद्रावरून येई; त्यांनी त्याचा काटा मध्यावर आणला आणि रुंदी कमी करत नेली. एका काट्याचे दोन झाले. एक स्थिर, दुसरा त्याला चिकटून थरथरणारा. तो जरा सरकला की शिट्टीचा सूर बदले. पाहता पाहता तो दुसरा काटा नाहीसा झाला आणि कार्यक्रम स्वच्छ ऐकू आला. त्याच वेळी शेजारच्या प्रेमचंद पटेलांच्या घरातून आरतीची घंटा वाजली.

प्रेमचंदच्या आई, तापीबाई, संध्याकाळी गुजरातेतल्या केंद्रावरची भजनं ऐकत आणि आरतीपुरता रेडिओ बंद करत. आरती संपली, काटा परत आला, शिट्टीही आली.

केंद्र पकडण्यासाठी रेडिओ आतल्या आत स्वतःची एक बारीक लाट तयार करतो. ती बाहेर फाकून दुसऱ्या केंद्राच्या लाटेला भिडली की शिट्टी वाजते, म्हणून खाली पत्र्याचं झाकण असतं. तापीबाईंचा रेडिओ हिलालभाऊंच्याच दुकानात दुरुस्त झाला होता. गंजलेलं झाकण त्यांनी काढून टाकलं होतं आणि दुसरं बसवलं नव्हतं.

ओट्यावरचे लोक समाधानी होते. सकाळी गुपचूप झाकण बसवलं असतं, तर शिट्टी गेली असती, श्रेय चक्की बंद केल्याला मिळालं असतं आणि हिलालभाऊंचा शब्दही राहिला असता. ते फडक्यानं हात पुसून उठले.

"बापू, काल मन्ही चूक व्हयनी. चक्की नही. तापीमायना रेडू शे, आनि त्याना पत्रा मीच काढेल शे."

"मंग काल काचमा आमले काय दिखनं?"

"मन्हा हात जास्ती फिरना, ते दिखनं."

"काच बी पुढारीसारखी शे," मागून कोणीतरी म्हणालं, "जोर द्या का बोलस!" हशा पिकला. हिलालभाऊही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

जालमसिंगबापूंनी तिथल्या तिथे बंदी उठवली. धनुबाई चक्कीची किल्ली घेऊन निघाल्या, आणि जाता जाता थांबल्या. "तुन्ही काचले बी पीठ चारू का आते, भाऊ?"

"चार माय," हिलालभाऊ म्हणाले. "कालदिन उपाशीच व्हती, म्हनीसन काहीबी बोलनी."

सकाळी त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण बसवलं. भजनं बंद होणार नाहीत, अशी खात्री करून घेतल्यावरच तापीबाईंनी रेडिओ उघडू दिला.

पुढे काही महिने कोरीटचे लोक रेडिओ दुरुस्तीला दुसरीकडे नेत. ज्याची काच एकदा चुकली, त्याच्याकडे कशाला, असं म्हणत. मग हळूहळू परत येऊ लागले. दुकानात गेलो की मला 'जोर'च्या चिठ्ठीखाली डकवलेली नवी चिठ्ठी दिसे: 'पहिले कमी'.

ओट्यावर कार्यक्रम चालूच राहिला. भाव ऐकताना शेजारून चक्कीची घरघर येई. ती आमच्या कानांना ऐकू येई, रेडिओला नाही.