बद्द आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या बनियनला कुठे भोक आहे तेसुद्धा ठाऊक असायचं. ती गेली, घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला धरलंय असं नका समजू. ती असताना पुष्कळदा तोंडाशी आलं होतं. गिळलं. का गिळलं — तेच सांगायचंय, पण जरा वळसा घालून येतो. एकदम नाही जमणार.

मध्य भारत नावाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. इंदूरला पोलोग्राउंडात आमचा कारखाना होता, गाड्या लांब करण्याचा. हो, लांब करण्याचा. पाच माणसांची गाडी आणा, मधोमध कापून, तुकडा घालून, तिच्यात बारा माणसं बसवून देऊ. मालक अप्पासाहेब. त्यांच्या वडिलांनी हे काम संस्थानी अमलात सुरू केलं — शिकारीच्या गाड्या, पडदे लावलेल्या जनानी गाड्या. संस्थानं गेली, शिकारी गेल्या, आणि त्याच थाटाच्या गाड्या विकायला निघाल्या. मग आम्ही त्या कापून शाळांसाठी नि बाजाराच्या गावांना जाणाऱ्या सवाऱ्यांसाठी लांब करू लागलो. कंपनीचं नाव गावात कुणी घ्यायचं नाही. 'लंबी गाडीवाले', बस.

तिथे माझं काम होतं ऐकण्याचं. हसू नका, खरंच. गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा कापून जोडला की सगळा भार त्या जोडावर. जोडाला आतून पट्टी, आणि पट्टीला रिबिटं — म्हणजे लालभडक तापवून दोन्ही बाजूंनी ठोकलेले जाड खिळे. ते थंड झाले की मी छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरायचो आणि एकेकाला टोला द्यायचो. घट्ट बसलेलं रिबिट खणकन वाजतं. ढिलं असलं तर बद्द. खणकन वाजलं की मी खडूची खूण करायचो, आणि माझ्या खुणेशिवाय गाडी रंगाला जायची नाही.

इतर ठिकाणी टोला देताना रिबिटाच्या दुसऱ्या टोकाला बोट लावत. ढिलं असलं तर बोटाला थरथर लागते, कुणालाही कळतं. मी कधी बोट लावलं नाही. वडील संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्या घरात कान म्हणजे इस्टेट. अप्पासाहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायचे आणि सांगायचे, "हे आमचे वसंतराव. यांना बोट लागत नाही." मी आपला खाली मान घालून उभा. आतून काय फुगायचो, विचारू नका.

आणि रिबिटं ठोकायचा भेरूलाल. जवळच्या राऊ गावचा, लोहाराच्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला भिया, म्हणजे दादा, म्हणायचा. तो माळवीत बोलायचा, मी अर्धं हिंदी अर्धं मराठीत, आणि आमचं कधी अडलं नाही. मी तपासत असताना तो शेजारी उकिडवा बसायचा, ओठांत न पेटवलेली बिडी. शेवटच्या रिबिटावर खूण झाली की मगच काडी ओढायचा. कधी एखादं बद्द निघालं तर हुज्जत नाही, तोंड वाकडं नाही — निमूट छिन्नी घेऊन उडवायचा आणि नवीन बसवायचा.

आता — माझा उजवा कान आधी गेला. घरी बायको उजवीकडून वाढायची, "आणखी?" विचारायची, मी गप्प. ती चिडायची, म्हणायची, कान कारखान्यात ठेवून येता का? खरं बोलत होती बिचारी. मग डावाही उतरत गेला. एक दिवस गाडीखाली टोला दिला तर बद्द. पुढच्याला दिला, बद्द. बाराच्या बारा बद्द. एवढी सगळी ढिली कशी असतील? तिथेच कळलं मला. आणि मी काय केलं असेल? बाराही रिबिटांवर खुणा केल्या आणि बाहेर आलो.

बोट लावायचं होतं. फक्त बोट. पण मी बोट लावलेलं पाहिलं असतं तर पोलोग्राउंडभर झालं असतं — वसंतरावांचा कान गेला. मग मी कोण राहिलो? तेवढी लाज मला सोसवली नाही.

जवळजवळ वर्षभर मी असं चालवलं. टोला द्यायचा आणि भेरूलालच्या चेहऱ्याकडे बघायचं. वाटायचं, आवाज खराब असेल तर त्याच्या कपाळावर आठी तरी येईल. पण तो कुठे ऐकत होता? तो माझ्या चेहऱ्याकडे बघत असायचा. माझ्या कानावर त्याचा पुरा भरवसा. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेलो आणि रिबिटांकडे कुणाचंच लक्ष नाही — असा तो सगळा कारभार.

मग व्हायचं ते झालं. आम्ही लांब केलेली एक गाडी सवाऱ्या घेऊन महूच्या रस्त्यावर भर दुपारी मधोमध बसली. जोड उघडला होता. जीव कुणाचा गेला नाही. एका बाईचा हात मोडला. गाडी ओढून कारखान्यात आणली. पट्टीवर तीन रिबिटं खुळखुळत होती, आणि आतल्या बाजूला माझ्या खडूच्या खुणा अजून दिसत होत्या.

अप्पासाहेबांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "वसंतराव, तुमच्या कानातून हे सुटलं कसं?" आता सांगतो ते शब्द, जसेच्या तसे. मी म्हणालो, "सुटलं नाही. तीन बद्द वाजली होती. मी भेरूलालला सांगितलं, बदल म्हणून. तो हो म्हणाला, मी खुणा करून टाकल्या. त्याच्यावर विसंबलो, तेवढं माझं चुकलं."

बघा, कसं रचलं. चूकही कबूल केली, थोडीशी, आपल्या अंगाला शोभेल एवढी.

भेरूलालला बोलावलं. मी तिथेच उभा. मला वाटलं होतं, तो भडकेल, मला खोटा म्हणेल, आणि मग कदाचित मी — जाऊ दे. तो भडकला नाही. माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तमने कयो होयगो, भिया. म्हने सुण्यो नी होयगो." तुम्ही सांगितलं असेल, मलाच ऐकू आलं नसेल. मी खोटं बोलेन हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा आपला कान गेला असेल, हे त्याला सोपं वाटलं.

ज्याला ऐकू येत नाही तो ठोक्याच्या कामावर नको, असं म्हणून अप्पासाहेबांनी त्याला त्याच आठवड्यात काढलं. मला ठेवलं. मीही राहिलो. पुढे तयार बसगाड्या येऊ लागल्या, आमचं काम आटलं, कारखाना बंद झाला. तोवर मी तिथेच होतो. तपासणीला दुसऱ्या माणसाला लावा, मला कचेरीत द्या, असं मीच सुचवलं होतं. त्याचंही कौतुक झालं.

काही वर्षांनी मल्हारगंजात तो दिसला. मेव्हण्याच्या दुकानाबाहेर बसून तवे ठोकत होता. गिऱ्हाईक काही बोललं की हात थांबवून कानामागे पंजा धरायचा, मान पुढे करायचा. प्रत्येकाला दोनदा बोलायला लावत होता. मी त्याच्या पाठीमागे, चार पावलांवर उभा होतो. आणि मला काय बुद्धी झाली — मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, भेरूलाल. इतकं हलकं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

तो लगेच वळला. हसला. उठून माझे हात धरले, बसायला पोतं टाकलं. मग काहीतरी बोलला, बराच वेळ बोलत होता. मला चार शब्दसुद्धा कळले नाहीत. मी मान हलवत राहिलो आणि त्याला वाटलं, मी ऐकतोय.

भेरूलाल जाऊनही आता वर्षं झाली. मी त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. तोवर माझ्या कानात मशीन आलं होतं. त्याची सून सांगत होती, शेवटपर्यंत घरातली पोरंसोरं त्याच्याशी ओरडूनच बोलायची, कारण तोच सगळ्यांना सांगून बसला होता, मला ऐकू येत नाही. त्याला चांगलं ऐकू येत होतं. मला ठाऊक होतं.