दाजींच्या चिमटीतलं शीड

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघायचेच नाहीत. दारात पाहुणा आला की त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायची, अंगठ्याने चोळायची आणि मग म्हणायचं, "या, बसा." ताईला बघायला आले तेव्हाही तेच. ताई चहाचा ट्रे घेऊन वाकली आणि या गृहस्थाने कपाऐवजी तिचा पदर चिमटीत धरला. "मिक्स आहे. सुती म्हणून गळ्यात मारलंय तुमच्या," माझ्या वडिलांना म्हणाले. वडिलांचं तोंड एवढंसं झालं. मी दाराआड उभी होते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताई मात्र आत येऊन तोंडाला पदर लावून हसत बसली. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाशी आपलं जमायचं नाही. आणि नाहीच जमलं, शेवटपर्यंत.

धुळ्याकडून सुरतेला आले ते कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायला लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तेच करत राहिले. दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि दाजी तुटका धागा, गाठ, डाग हुडकायचे. खोट सापडली की स्वारी खूश. खिशात कायम एक छोटं भिंग. मी सुरतेतच पर्वत पाटियाला ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. मी शिवलेला ब्लाउज ताईच्या अंगावर असायचा आणि हे मागून भिंग लावून शिवण बघायचे! "मेव्हणीबाई, तुमची टीप वाकडी जाते." मी म्हणायचे, "तुमचं डोकं वाकडं चालतं, त्याला कुठलं भिंग लावू?" ते हसायचे. त्यांच्या त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा.

ताईचं निम्मं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. तिची एक पद्धत होती. लोक राहायला गेल्यावर दूध उतू घालतात. ही खोली पक्की करायच्या आधीच घालायची. पातेलं, छोटा गॅस, दुधाची पिशवी घेऊनच खोली बघायला जायची. कामरेजला एकदा खोलीवाला किल्ली घेऊन उभा, दाजी सामान आणायला निघालेले, आणि ही उंबऱ्यावरूनच पातेलं घेऊन परत फिरली. गॅस पेटवलासुद्धा नाही. "इथं नको," एवढंच म्हणाली. दाजींनी का म्हणून विचारलं नाही. एवढी एक गोष्ट त्यांची मला आवडायची. पुढे माझ्याच गल्लीत त्यांचं स्वतःचं घर झालं, दोन खोल्या आणि वर गच्ची. मूलबाळ नव्हतं. मला वाटलं, चला, ताई आता तरी एका जागी टेकेल.

कसली टेकते! दाजी निवृत्त झाले आणि हातात मोबाइल आला. त्यात कुणी गोरे म्हातारा-म्हातारी शिडाच्या नावेतच राहतात, नावेतच स्वयंपाक करतात, नावेतच झोपतात, आज या गावाला तर उद्या त्या गावाला. दाजी जेवणाच्या ताटासमोर ते बघत बसायचे. एके दिवशी म्हणाले, "आपण जुनी नाव घेऊ. घर विकू आणि नावेतच राहू." ताई पोळी लाटत होती, ती लाटतच राहिली. मी मात्र उठून उभी राहिले. "दाजी, तापीच्या पुलावर रिक्षा गेली तरी तुम्हाला चक्कर येते! आणि माझ्या बहिणीला समुद्रात नेऊन ठेवणार?"

"चक्कर वरून बघितल्यावर येते," ते म्हणाले, "आपण खालीच असणार."

बोला आता! अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग.

बघून बघून त्यांनी नियमही पाठ केले होते. लाकडाची नको, फायबरची हवी. फार मोठी नको, दोघांना आवरली पाहिजे. आत उभं राहता आलं पाहिजे. आणि सगळ्यात आधी बूड बघायचं, वरचा रंग नाही. हे सगळं मला ऐकवायचे, मी मशीन जोरात चालवायचे. मग एक नाव मगदल्ल्याला बघायला गेले आणि नियम कुठल्या कुठे गेले. गेल्या गेल्या शीड पसरायला लावलं, भिंग काढलं, चिमटी लावली. "उन्हाने खाल्लंय. बोट घातलं तर फाटेल." दलाल बिचारा कळवळून म्हणाला, "काका, सढ तो बदलाई जशे, होडी जुओ ने!" शीड बदलता येतं, नाव बघा, असं तो बापडा सांगत होता. पण हे उठले आणि चालू लागले.

दमणला मात्र फसले. एका हॉटेलवाल्याची फायबरची नाव खाडीत उभी होती. त्याला आता ती नको होती. दाजींनी मलाही नेलं, म्हणे शिवणीचं तुम्हाला कळतं. भरतीची वेळ होती, नाव पाण्यावर छान सरळ उभी. मालकाने शीड धक्क्यावर पसरलं. दाजी गुडघ्यांवर बसले आणि देव्हाऱ्यासमोर बसावं तसे बसूनच राहिले. भिंग सरकवत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. एक धागा तुटका नाही, एक गाठ नाही. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! "आयुष्यात असं कापड टेबलावर आलं नाही," म्हणाले. मी ओरडले, "दाजी, नाव घ्यायला आलात की दुपट्टा? खाली बघा, खाली!"

"ज्याने शीड एवढं जपलं त्याने बाकीचंही जपलंच असेल."

झालं. तोंडी होकार देऊन टाकला आणि घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. मी ताईच्या घरी जाऊन थयथयाट केला. तुझ्या डोक्यावरचं छप्पर चाललंय, काहीतरी बोल, दगडासारखी बसू नकोस. आम्ही बहिणी घरात अहिराणीच बोलतो. ती एवढंच म्हणाली, "येडी शे का तू?" आणि मग दाजींना म्हणाली, "मी आधी तिथं दूध उतू घालीन. मग काय ते ठरवा." मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, हिने वेळ तरी काढला.

पुन्हा दमण. या वेळी ओहोटी लागलेली. ताई पातेलं, गॅस, दूध घेऊन शिडीवरून नावेत चढली, दाजी मागोमाग. मी पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलंच होतं, मी धक्क्यावर कंबरेवर हात ठेवून उभी. चढल्या चढल्या ताईने गॅस पेटवला; आतून त्याची फरफर आणि दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ताई विचारत होती, डबे कुठे राहतील, देव कुठे ठेवायचे. पाणी खाली खाली गेलं, नाव चिखलात टेकली आणि एका अंगाला कलली. आत दाणकन आवाज झाला. "अहो, पातेलं!" ताई ओरडली. सगळं दूध सांडलं होतं. मी धावत पुढे गेले आणि बघते तर नावेच्या बुडाजवळ काळ्या चिखलावर पांढरं पाणी ठिबकतंय. आतलं दूध पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खाली उतरून बुडातून बाहेर येत होतं!

मी असली खूश झाले म्हणून सांगू. "या, दाजी, या! भिंग घेऊन या!" साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओरडले. दाजी उतरले, चिखलात उकिडवे बसले. तडा हातभर होता, वरून नुसता रंग फासलेला, तो नाव टेकताच फुटला होता. त्यांनी त्यावर नुसतं बोट फिरवलं, भिंग खिशातच राहिलं. मालकाला मी जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं तोंड मिटावं म्हणून त्याने शीड तेवढं देऊन टाकलं.

घर वाचलं. शीड गच्चीवर मांडवासारखं बांधलं गेलं. संध्याकाळी दोघं त्याखाली चहा पीत बसायची. वारा सुटला की ते फुगायचं आणि दाजी खुर्चीचे हात घट्ट धरायचे. मी खालून ओरडायचे, "उडाल एखाद दिवशी गच्चीसकट!" एकदा माझ्या दुकानात येऊन उगाच कापडं चिवडत उभे राहिले. म्हणाले, "आणखी एखादी बघितली असती. आता आधी बूडच बघेन. पण हिला नकोच असणार, नाही?"

"नकोच आहे तिला!" मी म्हटलं. "गपचूप बसा."

ते बसले. पुन्हा विषय काढला नाही. थंडीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. स्ट्रेचरवर घेताना अंगावर टाकलेली चादर त्यांनी चिमटीत धरली होती. मी बघितलं ते.

गेल्या आठवड्यात वाऱ्याने शीड कोपऱ्यात उसवलं. ताई ते काखोटीला मारून माझ्याकडे घेऊन आली. मी म्हटलं, "टाकून दे ना आता. त्या माणसाने तुला बेघर केलं असतं या फडक्यापायी."

ताईने शीड माझ्या मशीनवर ठेवलं. "कामरेजची खोली आठवते का तुला?" तिने विचारलं. "नको होती म्हणून मी गॅससुद्धा पेटवला नाही. मग नाव नको असती तर दमणला गॅस कशाला पेटवला असता गं?"

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"त्यांना माझी पद्धत माहीत होती. मी वाट बघत होते, दुसरी नाव कधी बघतात याची."

ती निघून गेली. मी शीड सुईखाली घेतलं. जाड कापड, दोन सुया तुटल्या. टीप सरळ जावी म्हणून मी कधी नव्हे ती हळू मशीन चालवत होते आणि दाजींना शिव्या घालत होते. जन्मभर धाग्यांतल्या खोटी शोधल्यात, आणि बायकोच्या मनातलं मला विचारायला आलात? मला? माझ्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवला होता तुम्ही, तो नेमका तेव्हाच ठेवलात? आज असते तर असं फैलावर घेतलं असतं त्यांना. नाहीत, याचा राग जास्त येतो.