आर्डिस टॉलेफसनने चालवलेलं घर

आर्डिस टॉलेफसनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नवऱ्याला चारचौघांत झापत होती. वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइट गावात, मोटरहोम म्हणजे चाकांवरची घरं उभी करायच्या आमच्या पार्कात हे रोजचंच. नवं जोडपं आलं की नवरा स्टिअरिंगवर बसतो, बायको मागे उभी राहून हातवारे करते आणि आम्ही बाकीचे खुर्च्या टाकून, हातात कॉफीचे मग घेऊन मजा बघतो. कोणाचा संसार किती मुरलाय ते तिथे पाच मिनिटांत कळतं. तिच्या नवऱ्याचं, व्हर्लिनचं, मोटरहोम चाळीस फुटांचं, जागा बेताची, मागे पाण्याचा नळ.

"डावीकडे म्हटलं ना मी! डावीकडे!"

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"गाडीच्या! नळ उडवलास तर आज रात्री त्याच्याशेजारीच झोपायचं, सांगून ठेवते!"

नळ वाचला. मी टाळ्या वाजवल्या, तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काय हो, तिकीट काढलंय का?" त्या दिवसापासून आमची दोस्ती. लवकरच ती मला अरे-तुरे करायला लागली.

मी डेल्मर. चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं दुरुस्त केली, आता या गावात एका शेडमध्ये मोटरहोमची करतो. फिट यायला लागल्यापासून माझं लायसन्स काढून घेतलंय. हे आधीच सांगतो, कारण पुढे तुम्ही विचाराल की मग तूच का नाही चालवलंस.

टॉलेफसन मंडळी नॉर्थ डकोटाची. तो धान्याच्या कोठारावर, ती शाळेच्या स्वयंपाकघरात. निवृत्त झाल्यावर घर विकलं आणि गाडी घ्यायला निघाले. तिला चोवीस फुटांची एक छोटी आवडली होती. ती म्हणाली, "ही मलाही चालवता येईल." व्हर्लिन म्हणाला, "आणि माझ्या दोन मोटरसायकली काय डोक्यावर घेऊ?" त्याचा जीव जडला होता या चाळीस फुटी धुडावर. मागे दहा फुटांचं गॅरेज, त्याची मागची भिंत साखळीवर खाली उतरते आणि तिच्यावरून मोटरसायकली सरळ आत चढतात. मध्ये एक दार, पुढे स्वयंपाकघर, सोफा, झोपायची खोली. आर्डिस बूट न काढताच त्या पलंगावर चढली आणि चादर दोन्ही बाजूंनी खोचता येते का ते बघितलं. येत नव्हती. विक्रेता हसला. व्हर्लिन म्हणाला, "चालवायची काळजी तू कशाला करतेस? मी आहे ना." आणि सही केली.

हे "मी आहे ना" ती त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. सहा हिवाळे त्यांनी आमच्यात काढले. प्रवासात खडखडाट नको म्हणून प्रत्येक दोन ताटल्यांत ती एक फडकं घालायची. बुटाच्या खोक्याएवढ्या ओव्हनमध्ये अख्ख्या पार्काला पुरतील इतके दालचिनीचे पाव भाजायची. चादर खोचायला पलंगावर रांगत जायची, आणि रोज त्यावरून त्याचा उद्धार करायची. ड्रायव्हरच्या जागेवर मात्र ती सहा वर्षांत काच पुसण्यापुरतीच बसली.

मार्चमध्ये व्हर्लिनला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दीड महिना दवाखान्यात काढून परत आला तेव्हा त्याची चाकाची खुर्ची पुढच्या दारातून शिरेना. मग आम्ही मोटरसायकली विकल्या, गॅरेज घासूनपुसून काढलं आणि तिथे त्याचा पलंग टाकला. जमिनीत मोटरसायकली आवळायच्या लोखंडी कड्या होत्याच. पलंगाचे पाय त्यांना पट्ट्यांनी बांधले. सकाळी ती मागची भिंत उतरवायची आणि तो पडल्यापडल्या वाळवंट बघायचा. डाव्या हाताने तिची बाही धरून ठेवायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी काहीतरी वात्रट बोलायचो आणि तो अर्ध्या तोंडाने हसायचा.

डॉक्टरांनी शुश्रूषागृह सुचवलं. आर्डिस म्हणाली, "नाही. तो त्याच्या घरात राहील आणि त्याच्या घरातच मरेल. पण इतक्यात नाही." प्रेस्कटला, डोंगरावर, एका पार्कात तिने जागा ठरवली. हवा थंड, आणि पडल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवणारे लोक तिथे आठवड्यातून तीनदा गाडीपर्यंत येतात. झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं तेच येतं, असं तिला सांगितलं होतं. म्हणून तिला घाई. आणि इकडे मे संपत आलेला. आमचं गाव एप्रिलमध्येच ओस पडतं, सगळे उत्तरेला जातात. उरतात माझ्यासारखे, ज्यांना जायला जागा नाही. पारा चव्वेचाळीसवर.

"भाड्याने ड्रायव्हर बघू," मी म्हटलं.

"परका माणूस माझं घर चालवणार? आणि मागे व्हर्लिन? तू मला शिकव."

"तू एकाहत्तर वर्षांची आहेस, आर्डिस."

"आणि तू शहाणा होतास का कधी? शिकव म्हटलं ना."

मग मी शिकवलं. रिकाम्या मैदानात रोज पहाटे दोन तास, अकरा दिवस. वळताना शेपूट कशी उलट्या बाजूला फेकली जाते, आरसे कसे वाचायचे, उतारावर ब्रेक न जाळता गिअरवर कसं उतरायचं, वारा बाजूने आला तर काय. ती घामाघूम व्हायची, मला शिव्या द्यायची, पुन्हा बसायची. आठव्या दिवशी तिने ते धूड दोन पिंपांमधून असं अलगद काढलं की मी टोपी काढून तिला सलाम केला. खरं सांगतो, इतका अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता. तिला भीती उरली होती ती फक्त पेट्रोल पंपाची. अरुंद जागा, खांब, मागे हॉर्न वाजवणारी माणसं. "पंपावर मी काहीतरी उडवणार, डेल्मर. मला दिसतंच आहे."

मी कागदावर हिशेब मांडला. यार्नेलच्या घाटातून जवळ पडतं, पण तो अरुंद. त्यापेक्षा फिनिक्सवरून मोठ्या रस्त्याने दोनशे तीस मैल. टाकी अर्धी भरलेली होती. तेवढ्यात गाडी काठावर का होईना, पोचते. "पंपावर जायचंच नाही," मी म्हटलं. "कुठेही थांबायचं नाही. जनरेटर लाव, त्याच्यावर गॅरेजचा एसी चालू ठेव, मधलं दार घट्ट बंद कर म्हणजे गारवा आत राहील. फोनला हात लावायचा नाही. पोचल्यावर फोन कर."

प्रत्येक शब्द माझा आहे.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, पण व्हर्लिनचं सगळं आवरता आवरता नऊ वाजले. मी आत जाऊन पलंगाच्या आणि त्याच्या छातीवरच्या पट्ट्या तपासल्या, त्याच्या डाव्या हाताशी पाण्याची बाटली ठेवली. त्याने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, तुझ्यापेक्षा बरी चालवते ती." तो हसला. मी मागची भिंत वर चढवली आणि कुलूप लावलं. गाडी फाटकातून एकदाही न अडखळता बाहेर पडली. तिने हॉर्न दिला.

दीडच्या सुमाराला शेडमध्ये एक वाटसरू आला, भाड्याचं मोटरहोम घेऊन. बिचारा घामाने निथळत होता. म्हणाला, "जनरेटर मेलाय, सकाळपासून ठीक होता." मी मान वरसुद्धा केली नाही. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य तोंडातून आपोआप आलं, "काटा बघा. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो, टाकी पावच्या खाली गेली की तो आपला आपण बंद पडतो. मुद्दामच तशी नळी बसवलेली असते, म्हणजे एसी लावून झोपलात तरी घरी जायला पेट्रोल उरावं."

तो हसला, म्हणाला, "असं होय!" आणि माझ्या हातातला पाना खाली पडला.

अर्धी टाकी. पावपर्यंत यायला सव्वाशे-दीडशे मैल, म्हणजे फिनिक्स. तिथून पुढे शंभर मैल व्हर्लिन पत्र्याच्या खोलीत, दार घट्ट बंद, एसी बंद, न उघडणाऱ्या खिडक्या. आणि पुढे आर्डिसच्या तोंडावर इंजिनचा एसी गार वारा सोडतोय, तिला काही कळायचं कारणच नाही.

मी फोन लावला. पुन्हा लावला. एकोणीस वेळा लावला. ती उचलणार नव्हती, मीच बजावलं होतं तसं. मग पोलिसांना लावला. त्यांनी गाडीचा नंबर विचारला. सहा वर्षं शेजारी उभी असलेल्या गाडीचा नंबर मला येईना. रंग सांगितला, लांबी सांगितली, रस्ता सांगितला. त्यांनी गाडी धाडली. ते पोचले तेव्हा आर्डिस प्रेस्कटच्या पार्काच्या फाटकातून आत शिरून तिच्या जागेवर एका झटक्यात, कोणाच्या हातवाऱ्यांशिवाय, गाडी लावून खाली उतरली होती. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिने मागची भिंत उतरवली.

चादर लाथाडलेली होती. पाण्याची बाटली जमिनीवर, हात पोचणार नाही इतकी दूर. छातीवरची पट्टी त्याने डाव्या हाताने सोडवली होती.

दोन दिवसांनी शेडच्या मालकाच्या मुलीने मला तिकडे सोडलं. डॉक्टरांनी आर्डिसला सांगितलं होतं की हृदय बंद पडलं, आधीच कमजोर होतं, कधीही व्हायचं. चांगला माणूस असावा. ते ऐकून गप्प बसणं मला सहज जमलं असतं. रस्ताभर मी तेच ठरवत आलो होतो.

ती स्वयंपाकघरात ताटल्यांमधली फडकी काढून घड्या घालत होती. मला बघून म्हणाली, "बस. कॉफी नाहीये." मग म्हणाली, "एकदाही कुठे लागली नाही रे गाडी. एकदाही नाही."

मला ते सहन झालं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाव टाकी, नळी, माझा हिशेब. "इथे सगळ्यांना माहीत असतं ते," मी म्हटलं, "आणि तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक तुझी नाही, आर्डिस. तुला कळणंच शक्य नव्हतं. तुला मागचं काही ऐकूही येत नव्हतं."

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं.

"येत होतं ऐकू," ती म्हणाली. "सारखी त्या जनरेटरची घरघर चालली होती मागे. फिनिक्सच्या पुढे ती थांबली." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, बरं झालं. आता त्याला जरा झोप लागेल."