आधी खाली उतर

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा होतो. स्वयंपाकघरातली ट्यूब कित्येक दिवस डोळे मिचकावत होती आणि बायकोनं, म्हणजे शोभानं, मला घरातला इंजिनिअर घोषित करून वर चढवलं होतं. हातात नवी ट्यूब, दातात टेस्टर आणि खिशात वाजणारा फोन. तो मी कसा काढला ते विचारू नका. शोभा अजून त्याची नक्कल करून दाखवते. पलीकडे मनीषा होती, सुदामची मुलगी. मारुंजीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

“काका, कुठं आहात?”

“स्टुलावर.”

ती अगदी शांतपणे म्हणाली, “आधी खाली उतरा.”

मी उतरलो. स्टुलाची उंची ती काय, पण पाय जमिनीला टेकायच्या आत मला सगळं कळलं होतं. पुढं तिला काही सांगावंच लागलं नाही... नुसती रडली पोरगी, आणि मी टेस्टर दातातच धरून “हं, हं” करत राहिलो.

‘आधी खाली उतर’ हा आमच्या शॉपमधला, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या खात्यातला, कायदा होता आणि तो सुदामनं केलेला होता. चाकणच्या पट्ट्यात, महाळुंग्याच्या बाजूला आमची कंपनी. मोटारींचे दरवाजे, बॉनेट असले पत्रे दाबून काढायचा कारखाना. मी बीडकडून आलेला, कासारवाडीत एका खोलीत चौघं राहायचो. सुदाम महाळुंग्याकडचाच, ज्यांच्या वावरावर कंपनी उभी राहिली त्यांतल्याच एका घरातला. ओव्हरहेड क्रेनच्या केबिनमध्ये, छताला टेकून, तो उभा जन्म बसला. म्हणायचा, “आमचा बाप ज्वारीत माळ्यावर बसून पाखरं हाकायचा. त्याच जागी कंपनीनं पत्रा घातला आन मला माळ्यावर बसिवला. मी साचे हाकतो. फरक काय झाला, सांग!”

हे साचे म्हणजे हत्तीएवढी लोखंडी धुडं. क्रेनच्या हुकाला लावून ती इकडून तिकडं न्यायची. वर सुदाम, खाली मी. प्रेसच्या दणदणाटात आवाज पोचायचा नाही, म्हणून मी हातांनी खुणा करायच्या आणि त्यानं त्याप्रमाणे क्रेन हलवायची. बोट वर करून गोल फिरवलं की वर घे. तळहात जमिनीकडं करून हलवला की खाली सोड. मूठ वळली की थांब. या तीनचार खुणांवर आमची दोस्ती उभी राहिली. एकदा मी नाकावरची माशी हाकलली आणि अख्खा साचा डावीकडं सरकला. जेवणाच्या सुट्टीत सुदाम खाली आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, “भावा, माशी कुठं न्यायची व्हती, तेवढं नीट सांगत जा.”

कायदा झाला तो त्याचे वडील गेले त्या दिवशी. हुकाला साचा लटकत होता आणि गेटवरचा वॉचमन धावत आला, तोंडाशी हात धरून बोंबलला, “सुदाम, तुझे वडील गेले रे!” दणदणाटातही नेमकं तेवढंच वर पोचलं. साचा हेलकावे खायला लागला. मी मूठ वळायला हवी होती. मी दोन्ही हात डोक्याला लावून उभा राहिलो. सुदामनं मात्र हेलकावा थांबेपर्यंत दांडी सोडली नाही. साचा लाकडी ओंडक्यांवर अलगद ठेवला, शिडी उतरून खाली आला, वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “वर असलेल्या मान्साला असली बातमी द्यायची न्हाई. आदी खाली उतरवायचं.” मग माझ्याकडं वळून, “आन तू ती कुठली खून केलीस? त्या खुनंनं क्रेन कुठं जाती?” वडील गेलेल्या माणसानं मला हसवलं होतं, आणि मी रडत होतो.

तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये वर असलेल्या माणसाला वाईट काही सांगायचं नाही, हे ठरूनच गेलं. आधी मूठ, मग तळहात, मग हातानं ‘ये’. माणूस शिडीवरून उतरून दोन्ही पायांवर उभा राहिला की मग बोलायचं. कँटीनमधला उपमा संपला, ही बातमीसुद्धा आम्ही सुदामला खाली उतरवून सांगायचो.

रिटायर झाल्यावर एक दिवस माझ्या गॅलरीत चहा पिता पिता तो म्हणाला, “दिगू, आयुष्य वर काडलं, पन डोक्यावर कायम पत्रा. एकदा पत्रा काडून वर जायचंय.” मला वाटलं गंमत करतोय. पण पुढच्या वेळी तेच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही तेच. वहिनी गेल्यापासून त्यानं कशाचीच इच्छा बोलून दाखवली नव्हती. त्यातच त्याला खोकला लागला. खोकला हटेना म्हणून मनीषानं मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायचा होता... आणि त्याच आठवड्यात मला मोबाईलवर ते दिसलं : नारायणगावच्या पुढं, वाइनच्या द्राक्षबागांवरून, सूर्योदयाला, गरम हवेच्या फुग्यातून सफर. डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

मनीषाला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, “अगं, दोरीनं बांधलेला असतो तो. जत्रेतल्या पाळण्यासारखा. वर जायचं, खाली यायचं.” हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

पहाटे पोचलो तर बागेशेजारच्या पडीक वावरात तो फुगा आडवा पसरलेला, गावजेवणाच्या मांडवाएवढा. पंख्यानं हवा भरत होते. मी माझ्या पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती काढली. नवं मशीन चालू करायचं आणि नारळ फोडायचा नाही, हे चाकणच्या पट्ट्यात कुणी ऐकलं आहे का? मी वेताच्या टोपलीला कुंकू लावलं, उदबत्ती पेटवली आणि खोचायला बरीशी फट दिसली तिथं खोचणार, एवढ्यात पायलट असा काही ओरडला की बागेतले मोर उडाले. “अरे काका! गॅस है, गॅस!” ती फट दोन सिलिंडरच्या मधली होती. कंपनीच्या सेफ्टी कमिटीवर मी कित्येक वर्षं होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. सुदाम पोट धरून हसला, हसता हसता खोकला, आणि त्या खोकल्यानं पायलट त्याच्याकडं निरखून बघायला लागला. “इनकी तबियत ठीक है?” आता हा नाही म्हणणार... सुदामनं श्वास सावरला आणि म्हणाला, “साहेब, ह्याच्या उदबत्तीचा धूर गेला नाकात.” पायलट हसला. नारळ मात्र त्यानं फोडू दिला, लांब, बांधावर.

टोपलीला दार नव्हतं. सुदाम शिडी चढल्यासारखा सहज आत गेला. मी डोक्यावर आत पडलो. उठून पाहतो तो जमीन खाली गेली होती. दोरी कुठंच नव्हती.

आता त्या वर जाण्याबद्दल काय सांगू... वारा लागतच नव्हता, कारण वाराच आम्हाला घेऊन चालला होता. बर्नरचा भडका उडायचा तेव्हा कानठळ्या बसायच्या आणि तो बंद झाला की अशी शांतता, की खाली कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली. कुत्रं भुंकलं, कुणीतरी “गप ए!” म्हणालं, तेही ऐकू आलं. धुक्याच्या खाली द्राक्षबागांच्या ओळी, कंगव्यानं भांग पाडल्यासारख्या, आणि त्यांच्या तारांवर दव. मग डोंगराच्या कडेवरून सूर्य आला आणि त्या सगळ्या तारा एकदम पेटल्या. ओळीमागून ओळ, पार लांबपर्यंत. लांब खोडदकडच्या रेडिओ दुर्बिणींच्या पांढऱ्या परड्या आकाशाकडं तोंड करून बसल्या होत्या, त्याही गुलाबी झाल्या. मी बडबड्या माणूस. पण मी नुसतं बोट करून सुदामला ते दाखवत राहिलो.

सुदामनं वर बघितलं. फुग्याच्या पोटात ज्योत, आणि कडेनं नुसतं आभाळ. मग त्यानं खाली बघितलं. फार हळू आवाजात म्हणाला, “दिगू, इतकी वर्सं हुकाला साचा असायचा आन केबिनमदी मी. आज हुकाला आपनच हाय, राव.” आणि वर बोट करून, “मग केबिनमदी कोन बसलंय?”

अंगावर काटा आला माझ्या. अजून येतो.

हा चेहरा टिपून ठेवावा म्हणून मी मोबाईल काढला. स्क्रीनमध्ये सुदाम, उन्हानं तांबूस झालेला, टोपलीच्या काठावर दोन्ही हात ठेवून. बटण दाबणार तोच त्याच्या कपाळावर एक पट्टी उमटली. मनीषाचा मेसेज. ‘काका रिपोर्ट आला. चांगला नाहीये. खूप पसरलंय. बाबांना अजून सांगू नका.’ माझं बोट बटणावर पडलंच होतं. फोटो निघाला. फोटोत मेसेजची पट्टी येत नाही, एवढीच काय ती दया.

“आला का फोटू?” सुदामनं विचारलं.

“आला.”

“दाव की.”

आणि माझ्या तोंडून जायचं तेच गेलं. “खाली उतरल्यावर दाखवतो.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी द्राक्षांकडं बघायला लागलो, जणू मला त्यांतलं काही कळतं. खुणांवर आयुष्य काढलेला माणूस तो. माझ्या मानेच्या वळण्यावरून साचा किती इंच सरकवायचा हे ओळखणारा. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. पण तो काही विचारेना. आम्ही दोघंही वर होतो.

मग त्यानं पायलटचा खांदा हलकेच थोपटला. बोट वर केलं आणि गोल फिरवलं. वर घे. पायलटला ही खूण कुणी शिकवली नसणार, पण त्यानं मान डोलावली आणि बर्नरची दांडी ओढली. आम्ही चढत गेलो. बागा, रस्ते, घरं सगळं धुक्याखाली गेलं, उरले फक्त डोंगरांचे माथे आणि पांढऱ्या धुक्यावर आमच्या फुग्याची सावली, तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं एक बारीक कडं. सुदामनं डोक्यावरची टोपी काढली. खोकला आला नाही. त्या उंचीवर त्याला एकदाही खोकला आला नाही... निदान मला तसंच आठवतं.

उतरलो ते कांद्याच्या वावराशेजारी. टोपली कलंडली आणि मी सुदामच्या अंगावर, तो हसतोय. मागून जीपमधून आलेल्या पोरांनी तिथली वाइन दोन ग्लासांत भरून दिली. ही त्यांची रीत. सुदामच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्यानं आपला ग्लास माझ्या हातात दिला. दोन्ही हातांत वाइनचे ग्लास धरून मी उभा, चेहरा मयताला आल्यासारखा. सुदाम माझ्यासमोर आला. आधी त्यानं मूठ वळली. मग तळहात जमिनीकडं केला. मग हातानं ‘ये’.

“दोन्ही पाय जमिनीवर हायत. सांग आता.”

ग्लास खाली ठेवून मी मेसेज वाचून दाखवला. त्यानं सगळा ऐकला. वाकून कांद्याची एक मोडलेली पात खुडली. मग म्हणाला, “लाव तिला फोन.”

मला वाटलं, तिला धीर देईल. धीर नंतर दिला. आधी तो तिच्यावर चिडला. “मला न्हाई सांगितलंस, ब्येस केलंस. पन ह्येला सांगितलंस व्हय गं? ह्यो बी वरच व्हता की! त्याच्या हातापायाला काय झालं असतं मग?” पलीकडे मनीषा रडत “सॉरी बाबा, सॉरी काका” म्हणत होती, आणि मी, ज्याच्या छातीत काही पसरलेलं नव्हतं तो, बांधावर बसून हुंदके देत होतो. सुदाम माझी पाठ चोळत होता.

त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत तो होता. जो भेटायला येईल त्याला फुग्याची गोष्ट सांगायचा. उदबत्तीचा भाग दर वेळी वाढत जायचा. शेवटी शेवटी तर मी पायलटच्या मिशीलाच आग लावली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून खुणा करायचो, आणि तो मास्कच्या आत हसायचा.

मनीषानं त्या दिवशी मला आधी स्टुलावरून उतरवलं, ते बापाचं ऐकून. ट्यूब मात्र राहिली. परवा शोभानं पुन्हा वर चढवलं. नवी ट्यूब बसली, लख्ख पेटली, आणि तरी मी उतरेना. खाली त्याच फरशीवर पाय टेकले होते तेव्हाच माझ्यापुरता सुदाम गेला होता. स्टुलावर असेपर्यंत मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

“अहो, झालं ना? उतरा आता,” शोभा म्हणाली.

मी मूठ वळून तिला दाखवली. तिला ही खूण येते. ती गॅसकडं वळली आणि चहाचं आधण ठेवायला लागली.