करवंटीतल्या बाईसाहेब

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते आज लिहून टाकतो: मला मासे आवडत नाहीत. काचेतले तर नाहीतच. तरी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरचा जिना चढून मी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी वरच्या साहेबांच्या माशांच्या टाकीसमोर बसलो, तो त्या माणसासाठी. केंद्र सरकारने असा दुसरा माणूस भरती केला नसेल.

त्यांच्या घरी आरओचं पाणी मासे प्यायचे आणि माणसं नळाचं उकळून प्यायची. दिल्लीचं जड पाणी त्या जिवांना सोसत नाही, हे साहेब इतक्या कळवळून सांगत की हातातला ग्लास मला ओशाळवाणा वाटे. मे महिन्यात कूलरचं तोंड टाकीकडे असे. वहिनी म्हणायच्या, "पुढचा जन्म मला ह्या टाकीतच मिळू दे. नवरा वळून तरी बघेल!"

टाकीत सिक्लिड जातीच्या बुटक्या माशांची एक जोडी होती आणि तळाशी मिशांनी वाळू उकरत फिरणारे कोरी नावाचे मासे. "भैया, इनकी आपस में पटेगी ना?" साहेबांनी दुकानात विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "सर, साथ रखना है, शादी थोड़ी करानी है." पण साहेबांची अख्खी नोकरी क्वार्टरांच्या वाटपात गेलेली. त्यांनी ज्येष्ठतेनुसार सिक्लिडांना नारळाची करवंटी दिली, कोरींना मोकळं मैदान दिलं आणि मध्ये चपटे दगड रोवून हद्द आखली. मादीने करवंटीत अंडी घातली, हळदीसारखी पिवळी झाली आणि पहिल्याच दिवशी नवऱ्याला टाकीतल्या हीटरच्या मागे हाकललं. कोरी मात्र हद्द ओलांडून अंडी खायला निवांत आत शिरले. "अहो, एनओसी नाही, काही नाही, सरळ घुसतात!" साहेब ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तळमजल्याचे, तुम्हीच समजवा यांना."

पुढच्या खेपेची अंडी नेमकी गणपतीत पडली. आवाजाने बाईसाहेब, म्हणजे ती मादी, बिथरून स्वतःच अंडी खातील, म्हणून साहेबांनी झांजा कपाटात कोंडल्या आणि आम्ही आरती कुजबुजत म्हटली. टाळ्या हवेत, हाताला हात न लावता. आर. के. पुरमहून दर्शनाला आलेलं एक जोडपं दारातच थबकलं, चपला काढून माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "कधी झालं हो?"

मग साहेब निवृत्त झाले. नाशिकला बिऱ्हाड हलवायचं, पण मासे एवढा प्रवास सोसणार नाहीत, हे कळल्यावर त्यांचं जेवणच सुटलं. टाकी कोणाला द्यायची, यासाठी त्यांनी रीतसर मुलाखती घेतल्या. शेजारचे दोन सहकारी पहिल्याच प्रश्नाला गळाले. मी गेलो तेव्हा साहेब टाय लावून बसले होते, शेजारी वहिनी.

"मादी चिडली तर काय कराल?"

"खोलीबाहेर जाईन."

"आणि तिने बोलावलं तर?"

"चूक कबूल करत परत येईन."

"घ्या हो यांनाच," वहिनी म्हणाल्या. "यांना अनुभव आहे."

साहेब हसले नाहीत. टाकीच्या काचेवर तळवा ठेवून हळूच म्हणाले, "यार, सांभाळा. मला दुसरं कोणी नाही विचारायला."

आता टाकी माझ्याकडे आहे. आमच्याकडेही आरओ माशांनाच. दर रविवारी नाशिकहून फोन येतो.

"बाईसाहेब?"

"पिवळ्या झाल्यात."

"आणि नवरा?"

"हीटरच्या मागे."

"अच्छा, म्हणजे सगळं ठीक."

त्यानंतरही मी फोन कानालाच धरून ठेवतो. त्यांना वाटतं, मी माशांकडे बघतोय. तुम्ही गेल्यापासून मला इथे करमत नाही, एवढं एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो.