भूमितीस अयोग्य

“थांबा मास्तर, मले आधी समजू द्या.” हे तिचं नेहमीचं वाक्य. मग ती हातातल्या शेवग्याच्या शेंगेनं धुळीत आकृती काढायची, मान तिरकी करून बघत राहायची आणि उत्तर सांगायची. उशिरा, पण बिनचूक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना मंद म्हणायची आपली रीत आहे.

ती विधवा माळीण. अमरावतीच्या आमच्या शाळेच्या ओसरीवर भाजी विकायची. तेव्हा कापसाचा भाव असा चढला होता, की लोक वांग्यांचे वाफे मोडून सरकी पेरत होते आणि वीतभर बांधावरून भावाभावांत काठ्या निघत होत्या. मी मुलांना शेतमोजणीची भूमिती शिकवायचो. ती खिडकीशी उभी राहून ऐकायची. पुढे दोन वर्षं मी तिला दुपारी शिकवलं. वाकड्यातिकड्या शेताचे त्रिकोण पाडण्यात ती माझ्याहून सरस झाली.

मुलींची शाळा निघणार होती. तिथं भूमिती शिकवावी, एवढंच तिला हवं होतं. शिफारस हेडमास्तरांची लागायची. त्यांनी तिला आणि पुण्याहून आलेल्या एका तरुण उमेदवाराला पाच बाजूंचं एकच शेत मोजायला दिलं. उमेदवारानं झटकन उत्तर दिलं. ते चुकलं. तिनं वेळ घेतला. तिचं बरोबर आलं.

“चुकला, पण झेप पाहा!” हेडमास्तर म्हणाले. “उपजत बुद्धी. बाई मात्र मेहनती आहे.”

“त्याचं चुकलं तरी बुद्धी, अन् माह्यं बरोबर आलं तरी मेहनत? कावून जी?”

“भूमिती जन्मासोबत यावी लागते, बाई. बायकांत ती नसते.”

“तुमच्यासंग आली होती का? मंग शाळेत कायले गेले होते तुमी?”

उमेदवार हसला. हेडमास्तर हसले नाहीत. माझं अक्षर चांगलं, म्हणून तिच्या अर्जावरचा शेरा त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला: ‘मेहनती. भूमितीस अयोग्य.’ मी तो नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिला. सगळ्यांत जास्त राग मला त्या अक्षराचा येतो.

जागा उमेदवाराला मिळाली. चार महिन्यांत त्यानं भूमिती बंद केली. मुलींना जमत नाही, म्हणाला.

ती पुन्हा ओसरीवर बसली नाही. अचलपूरला भावाकडे गेली. गेल्या पावसाळ्यात पटकीनं वारली.

परवा शाळेच्या बैठकीत हेडमास्तर म्हणाले, “इतक्या वर्षांत एक तरी बाई भूमितीकडे वळली का? जात्याच नाही त्यांच्यात.”

“एक आली होती,” मी म्हणालो. “आपण तिला घालवली.”

हेडमास्तरांनी बैठकीचा पुढचा विषय घेतला.