राघूचे छाटलेले पंख

आज सुनेने उसळीसाठी हरभरे भिजवले. त्या ओल्या वासाने आष्टीच्या घरातली पडवी आठवली आणि चाळीस वर्षांनंतरही डोकं तापलं.

बाजारातून आणलेला राघू माणूस दिसताच पिंजऱ्याच्या तारांवर धडका मारायचा. महिनाभर मी शाळेतून आले की पिंजऱ्याचं दार उघडून, तळहातावर भिजवलेले हरभरे घेऊन, न हलता बसायची. एका संध्याकाळी तो बाहेर आला, माझ्या बोटावर चढला आणि दाणा उचलला. त्याची बारीक नखं गार होती.

मागून माझे काकाजी कात्री घेऊन आले.

"आता तुले भेत नाई तो. धरून ठेव, पंख छाटतो. नाईतं उडून जाईन."

"नका ना काकाजी! मंग तो माह्याजवळ येणार नाई."

"पोट्टे, धर म्हन्तो ना!"

मी धरला. त्याने चोचही मारली नाही. हिरवी पिसं सारवलेल्या जमिनीवर पडत गेली आणि काकाजी हसले, "पाह्य, कसा गुमान बसला!"

नंतर तो वर्षभर जगला, पण माझ्या हातावर पुन्हा आला नाही. तेव्हा मी काकाजींवर चिडून होते. आता ते नाहीत, आणि मला माझाच संताप येतो. मूठ उघडायला कितीसा वेळ लागला असता?